रस्त्यापलीकडचं सँडविच

धोंड्या, तुझ्या मिलिंदनं परवा मला कागद आणून दिले. म्हणाला, "नाना, आबांच्या आठवणीचं पुस्तक काढतोय, छोटंसंच. तुमी दोन शब्द लिवा." मी म्हणालो, "दोन शब्दात मावत असतं तर तुझ्या बापाशी चाळीस वर्षं कशाला भांडलो असतो?" पोरगं हसलं आणि हसता हसता डोळे पुसायला लागलं. हसताना त्याचं तोंड तुझ्यावर जातं. मी दुसरीकडं बघितलं.

तुला ठाऊक आहे, चौथीतनं उठलो तो मी परत शाळेत बसलो नाही. हात काकडीवर चालतो तसा कागदावर चालत नाही. तुझी फौजेतली वर्षं, बढती, जन्मतारीख, ते बाकीचे लोक लिहितील, त्यांचं अक्षरही चांगलं आहे. मला एकच गोष्ट लिहायची आहे. ती चार लोकांत झाली होती, म्हणून चार लोक वाचतील अशा जागी लिहितोय. नाहीतर तुझ्याशी बोलायला मला कागद कशाला लागतोय? रोज सकाळी बोलतोच.

नवा माणूस वाचंल त्याच्यासाठी सांगतो. उंब्रजच्या स्टँडबाहेर रस्त्याच्या दोन अंगाला दोन गाडे. साताऱ्याकडं तोंड करून बस थांबते त्या अंगाला धोंडीरामचा, म्हणजे तुझा. कऱ्हाड-सांगलीकडं जाणारी थांबते त्या अंगाला माझा. दोन्ही गाड्यांवर सँडविच. वडापाववाले, भजीवाले आले आणि गेले, आपण दोघं तेच करत राहिलो. आणि आपल्यात पैज होती, जो दुसऱ्याच्या गाड्यावरचं सँडविच खाईल तो हरला. चाळीस वर्षांत तू माझं खाल्लं नाहीस, मी तुझं खाल्लं नाही. ही पैज कंडक्टरांपासून कॉलेजच्या पोरींपर्यंत सगळ्यांना माहीत होती. ती कशी लागली ते मात्र तुला आणि मला. तू कधी कोणाला सांगितलं नाहीस. मी तर नाहीच नाही.

आज सांगणार आहे. पण जरा दम धर, आधी राहिलेलं भांडण पुरं करू दे.

कड. तुझं म्हणणं, ब्रेडची कड कापायची नाही. माझं म्हणणं, कड ठेवलीस तर त्याला सँडविच म्हणू नको, दुसरं काहीतरी नाव दे. मी पुण्याला कॅम्पात इराण्याच्या हॉटेलात शिकलो. त्यानं मला दोन वर्षं नुसती काकडी कापायला लावली. पातळ एवढी, की बोटावर ठेवली तर खालचं नख दिसलं पाहिजे. लोणी पार काठापर्यंत लावायचं, म्हणजे चटणीचं पाणी ब्रेडला लागत नाही. कोथिंबिरीची चटणी, बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, ह्याच क्रमानं. चारी कडा उडवायच्या आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुरी ओढायची. खाणाऱ्यानं शुभ्र बघितलं पाहिजे आणि मधी हिरवी रेघ.

आणि तू काय करायचास? जाड ब्रेड, कड तशीच. आत बटाटा, कांदा, आणि शेंगाची चटणी. भाकरीवर घ्यायची ती लाल शेंगाची चटणी. तव्यावर तेल सोडून ठेवायचं आणि वरनं दाबायला कोळशाची इस्त्री. फौजेतनं येताना लोक ट्रंक आणतात, रेडिओ आणतात, तू ती इस्त्री आणलीस.

"धोंड्या, सँडविच करतोस का शर्ट?" मी रस्त्याच्या ह्या अंगानं ओरडायचो.

"शर्टाला बी घडी लागती आन् माणसाला बी," तू तिकडनं. "तुझं सँडविच बग, धुऊन वाळत घातल्यागत गार."

"सायबाच्या सँडविचला कड नसती."

"मी बारा वर्षं सायबाला खायला घातलंय, सर्जा. सायब कड खातो. कड सोडतं ते सायबाचं पोरगं."

मधनं बस गेली की भांडण तुटायचं. बस गेली की जिथं तुटलं तिथनं पुढं. लोक म्हणायचे, ह्यांच्या भांडणाला सुद्धा स्टॉप आहे.

शेंगाच्या चटणीवर मी तुला कधी माफ केलं नाही. मी म्हणायचो, "लेका, इराण्यानं बघितलं असतं तर गल्ला सोडून रडला असता." तू म्हणायचास, "तुझा इराणी पुण्यात. हितं उंब्रजात माणूस आठ वाजता शेतातनं आलेला असतो, त्याला तुझी काकडी बघून झोप येती. त्याच्या जिभंला वळखीचं काय तरी लागलं पायजे." ह्याला उत्तर माझ्याजवळ होतं. ते मला दोन दिवसांनी सुचलं आणि तवर तू विषय बदलला होतास.

आठवतंय का, ती सांगलीची गाडी बंद पडली होती? दुपारचं ऊन, पन्नास माणसं रस्त्यावर. ड्रायव्हर जाडजूड, मिशीवाला. सगळ्यांनी त्याला धरलं, आज निकाल लावाच. एक माझं, एक तुझं, दोन्ही हातांत दिली. तू तिकडं हाताची घडी घालून उभा, मी इकडं. त्यानं आधी माझं खाल्लं, मग तुझं. पाणी प्याला. मिशी पुसली.

फौजेतला म्हणून सगळा स्टँड तुला मेजर म्हणायचा, तुझ्याकडं बघून म्हणाला, "भूक लागली हुती मेजर. दोन्ही संपली."

त्याला तू दुसरं दिलंस, मीही दुसरं दिलं. तीही संपली. निकाल लागला नाही तो नाहीच.

कडांचं तर काय सांगू. मी दिवसभर कापलेल्या कडा पाटीत साठायच्या. दिवस मावळताना तू पिशवी घेऊन रस्ता ओलांडून यायचास. "आण तुझं पाप." त्या कडा घरी नेऊन उन्हात वाळवायच्या, कुटायच्या आणि दुसऱ्या दिवशी घरच्या कटलेटला वरनं लावायच्या. एकदा मी तुला पकडलं. तू चार लोकांसमोर उभ्या उभ्या माझी एक कड तोंडात टाकलीस.

"खाल्लंस. हरलास."

तू चावत राहिलास. मग म्हणालास, "कड म्हंजे सँडविच न्हवं, हे तूच म्हणतोस न्हवं? मग मी सँडविच खाल्लं कुठं?"

वकील व्हायला पाहिजे होतास. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवताना एकटाच हसलो. बायको म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, "काय न्हाई." तुझं शहाणपण मी घरात सुद्धा कबूल करत नव्हतो.

पालीच्या यात्रेचंही लिहितो, कारण ते लिहिलं नाही तर मी खोटा. त्या वर्षी माझा ब्रेड आलाच नाही. बेकरीची गाडी कऱ्हाडात अडकलेली आणि खंडोबाला जाणारी माणसं पहाटेपासून रस्त्यावर भंडारा उधळत चाललेली. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस आणि माझी फळी रिकामी. नुसतं बीट कापून ठेवलेलं. मी तुझ्याकडं बघणार नव्हतो. मान खाली घालून फडकं पिळत होतो. तू रस्ता ओलांडून आलास, दोन्ही काखेत ब्रेडचे पुडे. फळीवर ठेवलेस.

"मला नको."

"तुला कोण देतंय? गिऱ्हाइकाला दितोय. तुझ्याकडचं गार खाल्ल्याशिवाय ती माझ्याकडं गरम खायला यायची न्हाईत."

दुपारीच तुझा ब्रेड संपला. माझा पाच वाजेपर्यंत पुरला. तू गाडा झाकून माझ्या शेजारी उभा राहिलास आणि माझी काकडी कापून दिलीस. जाड कापत होतास. मी बोललो नाही. त्या दिवशी मी तुला एवढी सूट दिली.

आता ते सांगतो.

तू फौजेतनं आलास आणि गाडा टाकलास तो पहिला दिवस. माझ्या गाड्याला तेव्हा सहा महिने झाले होते. सकाळची वेळ, स्टँड भरलेला. तू तव्यावरचं पहिलं सँडविच उचललंस, कागदात घातलंस आणि रस्ता ओलांडून सरळ माझ्याकडं आलास. पहिलं मला. तारळी नदीत आपण एकत्र पोहायला शिकलो होतो, मला बुडताना तू केसाला धरून काढलं होतंस, म्हणून पहिलं मला. तू हात पुढं केलास. "घे सर्जा. सांग कसं झालंय."

माझ्या गाड्याशेजारच्या बाकड्यावर माझा चुलता बसला होता. त्याच्या जवळ भावकीतले आणखी दोघं. तिघंही माझ्याकडं बघायला लागले. तुझ्याकडं नाही, माझ्याकडं. बौद्धवाड्यातला माणूस हातानं केलेलं देतोय, आणि आमचा पोरगा घेतोय का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

आणि माझा हात उठला नाही.

मी नाही म्हणालो नाही. काहीच म्हणालो नाही. हात फडक्यावर होता, तो फडक्यावरच राहिला. किती वेळ? एक बस रिव्हर्स घेते तेवढा. तुझा हात तसाच पुढं. कागदातनं वाफ येत होती, ती मला अजून दिसते.

मग तू हसलास. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. म्हणालास, "बगा, घाबरला. त्याला ठाऊक हाय, एकदा खाल्लं तर सवताचा गाडा बंद करावा लागंल. आता लागली पैज सर्जा, जो दुसऱ्याचं खाईल तो हरला." आणि ते सँडविच परत नेलंस. माझा चुलताही हसला. बाकड्यावरचे दोघं हसले. सगळा स्टँड हसला. मीही हसलो, धोंड्या. मी सगळ्यात जास्त हसलो.

त्या दिवशी तू मला दुसऱ्यांदा केसाला धरून काढलंस. आणि मी चाळीस वर्षं ती पैज म्हणजे माझी मर्दुमकी असल्यासारखा मिरवत राहिलो.

चुलता मेला. बाकड्यावरचे दोघंही गेले. बाकडंसुद्धा रस्ता रुंद करताना गेलं. मिलिंदच्या लग्नात मी तुझ्या दारात मांडी घालून जेवलो, दोनदा भात घेतला, शांतावहिनींनी वाढला. ईदला, दिवाळीला, जयंतीला स्टँडवर जे वाटलं जाईल ते सगळ्यांबरोबर खाल्लं. तेव्हा मला कोण अडवत होतं? कोणी नाही. पण तुझ्या गाड्यासमोर उभं राहून तुझ्या हातचं घेणं, ते राहिलं. आज खातो म्हटलं तर लोक म्हणतील नाना हरला. असं मी मला सांगायचो. खरं हे की घेतलं असतं तर त्या दिवशी का नाही घेतलं ते तुझ्या तोंडाकडं बघून सांगावं लागलं असतं. पैजेच्या आड बरं होतं. तिथं सावली होती.

तूही कधी विचारलं नाहीस. रोज सकाळी पहिलं सँडविच उचलून माझ्याकडं दाखवायचास, "खातोस का, हरतोस का?" आणि मी इकडनं सुरी दाखवायचो. लोकांना ती मजा वाटायची. मला आता वाटतं, तू रोज विचारतच होतास की.

सांगलीच्या दवाखान्यात तुला नेलं तेव्हा मी चौथ्या दिवशी आलो. आधी आलो नाही कारण तुला अंगाला नळ्या लावलेल्या बघायचं धाडस नव्हतं, दुसरं काही नाही. येताना डबा आणला होता. वहिनी म्हणाल्या, "आवं नाना, त्यास्नी मऊच खायचं सांगितलंय." मी म्हणालो, "मऊच हाय." बीट काढलं होतं, मिरची काढली होती, कड तर नव्हतीच. डॉक्टरणीला विचारलं. ती म्हणाली, एक तुकडा चालेल.

तू उशाला टेकून बसलास. डबा उघडला तशी तुझी भुवई वर गेली.

"काकडीतनं नख दिसतंय," म्हणालास.

"इराण्याची शिकवण हाय."

"चाळीस वर्सांत तुझा हात सुधारला न्हाई. तसाच चांगला हाय."

आणि तू तुकडा उचललास. मी म्हणालो, "अरं, पैज." तू तोंडात घातलास. हळूहळू चावलास, डोळे मिटून. लय वेळ लागला. वहिनींनी पाणी दिलं. मग माझ्याकडं बघून म्हणालास,

"हरलो बग. मोडली पैज." थोडा दम घेतलास. "आता तुला बी कारण राहिलं न्हाई, सर्जा."

हसला नाहीस. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते बोलताना हसला नाहीस. रागही नव्हता तुझ्या तोंडावर. दारात उभं राहून आत ये म्हणावं तसं बोललास.

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. वहिनी कप धुवायला बाहेर गेल्या होत्या, खोलीत तू आणि मी. म्हणायला पाहिजे होतं की धोंड्या, त्या दिवशी माझा हात उठला नाही, चूक झाली. आठ-नऊ शब्द. ड्रायव्हरशी, पोलिसाशी, भावकीशी भांडलेला माणूस मी, मला ते आले नाहीत. मी काय म्हणालो तुला आठवत असंल. म्हणालो, "बरा हो. घरी ये. मग तुझ्या हातचं खातो, सगळ्या स्टँडसमोर."

तू मान हलवलीस. "मग कड काढू नको म्हणावं लागंल तुला," म्हणालास. हे आपलं शेवटचं बोलणं. तेही कडेवरनंच.

तू घरी आलास, पण चौघांनी उचलून आणलेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी नदीवर आलो. पिशवीत दोन सँडविच होती. एक माझ्या रीतीचं, एक तुझ्या रीतीचं. शेंगाची चटणी मी जन्मात पहिल्यांदा ब्रेडला लावली. इस्त्री नव्हती, म्हणून तव्यावर पाण्याचा तांब्या ठेवून दाबलं. आमच्यात माणूस गेला की तिसऱ्या दिवशी त्याला आवडणारं ठेवतात. कावळा शिवला की समजायचं, त्याचं काही राहिलं नाही. मी आपला एका अंगाला पान मांडायला लागलो. मिलिंद जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "नाना, आमच्यात कावळ्याला ठेवत न्हाईत."

मला ठाऊक होतं की ते. तुझ्या आईच्या वेळेस, बापाच्या वेळेस मी आलो होतो. वंदना झाली होती, सगळे पांढऱ्या कपड्यांत हात जोडून उभे होते, पान कुठंच नव्हतं. तरी मी पिशवी भरून आणली होती. वाकलेला होतो, तसाच थांबलो. मग पान उचललं. तुझ्या लोकांनी मला जागा करून दिली, मी त्यांच्यात उभा राहिलो. त्यांचं म्हणणं मला पाठ नाही, नुसते हात जोडले.

घरी जाताना कळलं की मी कशासाठी आणलं होतं ते. मला वाटलं होतं कावळ्यावर भागेल. तो तुझ्या नावानं खाईल आणि मी मोकळा. पुन्हा कोणीतरी मला काढेल. तुझ्या रीतीचं ते सँडविच मी पिशवीतनं काढून बघितलं, पण खाल्लं नाही. ते माझ्या हातचं होतं. कबूल केलं होतं तुझ्या हातचं.

आज तुझ्या सुनेनं गाडा लावला. सुजातानं. मिलिंद म्हणत होता विकून टाकू, मी पुण्याला नेतो सगळ्यांना. ती म्हणाली, "आबांचा गाडा हाय, मी बगती." सकाळी रस्त्याच्या ह्या अंगानं मी बघत होतो. पदर खोचून तवा पुसत होती. इस्त्रीत कोळसे घालताना तिची बोटं भाजली, तिनं कानाला लावली. चहावाला अशोक, रिक्षावाले, दोन कंडक्टर, सगळे तिच्या गाड्याभोवती. तिनं पहिलं सँडविच तव्यावरनं काढलं आणि तिचं तिलाच कळेना कुणाला द्यावं.

मी फडकं खाली ठेवलं आणि रस्ता ओलांडला.

दोन्हीकडनं गाड्या येत होत्या, त्यांनी हॉर्न वाजवले. अशोक म्हणाला, "नाना, कुठं?" तुझ्या गाड्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि हात पुढं केला. ह्या वेळेला मी.

"मला दे पोरी."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. कंडक्टर म्हणाला, "नाना, पैज?"

"मोडली," मी म्हणालो. "मेजरनं सांगलीत मोडली, मी हितं मोडतोय. आन् पैज लागली कशी ते बी सांगतो." आणि सांगितलं. चुलता, बाकडं, फडक्यावर राहिलेला हात, सगळं. लांबवलं नाही. अशोकनं चहाचं पातेलं खाली ठेवलं.

सुजातानं कागदात घातलं. तिच्या हातावर अजून शेंगाच्या चटणीचा लाल रंग. म्हणाली, "नाना, कड काढू का? तुमास्नी दातांचं—"

"कड असू दे."

घेतलं. गरम होतं. धोंड्या, वाफ तशीच येत होती. पहिला घास घेतला. कवळी हलली, कड जरा अडकली, मी थांबून चावलं. शेंगाची चटणी जिभेवर आली तिखट, मग बटाटा, मग कांदा. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. एका हातात उलथनं, दुसरा हात गाड्याच्या काठावर घट्ट.

म्हणाली, "नाना, खरं सांगा. आबांच्यासारखं झालंय का?"

सगळ्या स्टँडवर रिक्षावाल्यापासून झाडूवाल्यापर्यंत प्रत्येक माणूस ह्याचं उत्तर देऊ शकत होता. शाळेतली पोरंसुद्धा. एक माणूस सोडून. आणि तिनं मलाच विचारलं, कारण तिला वाटलं, ह्याच्याइतकं आबांना कोण ओळखतं.

मी म्हणालो, "मला ठाऊक न्हाई, पोरी."

तिला आधी समजलं नाही. मग समजलं. तिनं उलथनं खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला.

मी उरलेलं अर्धं अशोकच्या हातात दिलं. "तू सांग. तू रोज खात हुतास." त्यानं खाल्लं, वर बघितलं, जीभ फिरवली. म्हणाला, "लसूण कमी हाय. मेजर लसूण ठेचायचे, बारीक करायचे न्हाईत. आन् कांद्यावर जरा मीठ टाकून मग घालायचे." मी सुजाताला म्हणालो, "ऐकलंस? कर आणखी एक." तिनं लसूण ठेचला. कांद्याला मीठ लावलं. इस्त्री ठेवली. दुसरं कंडक्टरला दिलं, आधी मी एक घास घेतला. तो म्हणाला, "अजून जरा दाबा. मेजर इस्त्रीवर पंजा ठेवून उभं ऱ्हायाचे." तिचं वजन ते काय? मी गाड्याच्या आत गेलो आणि इस्त्रीवर पंजा ठेवून उभा राहिलो.

माझ्या गाड्यावर तवर चार गिऱ्हाइकं येऊन गेली असतील. जाऊ दे.

तिसऱ्याला अशोकनं डोळे मिटले. म्हणाला, "जवळ आलं, नाना."

मीही खाल्लं. कड शेवटाला ठेवली आणि तीही खाल्ली. चव माझ्या तोंडात होती, पण ती तुझी का, हे मला त्याच्या तोंडाकडं बघून समजून घ्यावं लागत होतं.

उद्या सकाळी परत पलीकडं जाणार आहे. लसूण मी ठेचून नेतो.